बारावीनंतर मूल बाहेरगावी शिकायला निघालंय: एप्रिल ते दिवाळी, घरच्यांनी करायची तयारी

बारावीची परीक्षा मार्चपर्यंत आटोपते आणि इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या कोर्सचे वर्ग सुरू व्हायला बहुतेकदा ऑगस्ट उजाडतो. मधले महिने सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा), निकाल, कटऑफ आणि पसंतीक्रम यांतच जातात. मग कॅप राउंडमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेरीत, पुण्याची नाहीतर नागपूरची सीट लागते, कॉलेजात हजर व्हायला हातात जेमतेम काही दिवस उरतात आणि त्या दिवसांत सगळं घर बादली, गादी आणि चिवडा-लाडवांच्या मागे धावतं. बादली कॉलेजसमोरच्या दुकानातही मिळते. स्वतःकडे असलेला चालू मोबाइल नंबर, वापरता येणारं बँक खातं, तापात कुठली गोळी घ्यायची नाही ही माहिती आणि रूम बघताना काय विचारायचं याची समज मात्र तिथे विकत मिळत नाही.

म्हणून तयारी एप्रिलपासून धरा आणि एकच कसोटी लावा: मुलाला किंवा मुलीला तिकडे जे एकट्याने करावं लागणार आहे, ते निघण्याआधी घरी एकदा तरी तुमचा हात न लागता झालेलं असावं. घरी चूक झाली तर भात करपतो, तिकडे झाली तर शिष्यवृत्ती अडकते.

ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि लिहून काढा: आधार, बँक, सीईटी सेलची नोंदणी, महाडीबीटी (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल), डिजिलॉकर आणि ईमेल, यांतल्या कशाला कुणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे? बहुतेक घरांत उत्तर एकच येतं, बाबांचा. शाळेत असताना ते सोयीचं होतं. आता मूल कॉलेजच्या काउंटरसमोर उभं असतं, ओटीपी बाबांच्या फोनवर येतो, बाबा शेतात किंवा ड्युटीवर असतात आणि ते फोन बघेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते.

मुलाच्या हातात कायम राहील असा एक नंबर ठरवा. १८ वर्षं पूर्ण नसतील तर सिम मुलाच्या नावावर मिळत नाही. तेव्हा ते आई किंवा वडिलांच्या नावावर घ्या, पण फोन मुलाकडेच राहू द्या आणि १८ पूर्ण झाल्यावर नावावर करून घ्या. आधारला हा नंबर जोडायला मुलाला घेऊन आधार केंद्रात जा. तिथे गेलाच आहात तर बोटांचे ठसे आणि फोटोही अद्ययावत करून घ्या. १५ वर्षांनंतर हे करावंच लागतं आणि १५ ते १७ या वयात ते मोफत होतं. पुष्कळ मुलांचं ते राहून गेलेलं असतं आणि पुढे ठसे जुळत नाहीत तेव्हा लक्षात येतं.

एक सावधगिरी: सीईटी सेलच्या नोंदणीला जो नंबर आणि ईमेल दिलाय तो प्रवेश पक्का होईपर्यंत बदलू नका. बाकीचे बदला.

ईमेलही मुलाचा स्वतःचा असावा, नाव-आडनाव कळेल असा. नववीत गेम खेळायला उघडलेला पत्ता पुढे चार वर्षं कॉलेजच्या प्रत्येक अर्जावर वागवायची वेळ येऊ नये.

दाखले: जूनमध्ये नाही, एप्रिलमध्ये

जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांग लागते, सर्व्हर अडखळतो आणि तहसील कार्यालयात अर्जांचे ढीग साचतात. उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आणि नॉन-क्रीमीलेयर यांची मुदत ३१ मार्चशी बांधलेली असते. मार्चमध्ये घाईने उत्पन्नाचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला काढला तर तो महिनाभरात निरुपयोगी होतो, म्हणून १ एप्रिल उलटला की अर्ज टाका. नॉन-क्रीमीलेयर एक किंवा तीन वर्षांचं मिळतं. आधीचं असेल तर त्यावर छापलेली तारीख वाचा: ते चालू शैक्षणिक वर्षात येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवं.

जात वैधता प्रमाणपत्र हे प्रकरण वेगळं आहे. ते जात पडताळणी समितीकडून येतं, वेळ लागतो आणि आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधाव्या लागतात. ज्यांची मुलं आत्ता अकरावीत आहेत त्यांनी आत्ताच कॉलेजमार्फत अर्ज करावा. सीट लागली आणि प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही तर राखीव जागा हातची जाऊ शकते.

नावं तपासा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं, असा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो. क्रम वेगळा असला तर बहुतेक ठिकाणी चालून जातं, स्पेलिंग वेगळं असेल तर अडतं. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून आधार आणि बँक तिच्यासारखे करून घ्या, उलटं करू नका.

मग फाइल बनवा. मूळ कागद एका फाइलमध्ये, झेरॉक्सचे तीन संच दुसऱ्या फाइलमध्ये, पासपोर्ट आकाराचे १५ फोटो, आणि प्रत्येक कागदाचं स्वच्छ स्कॅन मुलाच्या फोनमध्ये आणि ईमेलमध्ये. अपलोड करताना पोर्टल कमी आकाराची फाइल मागतं, म्हणून प्रत्येक कागदाची एक मोठी आणि एक लहान पीडीएफ ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला कॉलेज ठेवून घेतं. तो देण्याआधी पाच-सहा रंगीत झेरॉक्स आणि स्कॅन काढा, कारण पुढे पासपोर्टपासून शिष्यवृत्तीपर्यंत तो लागत राहतो. आणि हे स्कॅनिंग मुलालाच करू द्या. फाइलमधला कुठला कागद कशासाठी लागतो हे त्याला सांगता आलं पाहिजे.

शिष्यवृत्ती आणि फी

मुलींसाठी मोठी गोष्ट म्हणजे ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. दोन गोष्टी मात्र लोक गृहीत धरतात आणि फसतात. प्रवेश कॅपमधूनच झालेला असावा लागतो, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. आणि हॉस्टेल, मेस किंवा इतर शुल्कं यात येत नाहीत. राहण्याच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत: डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं. पात्रतेच्या अटी प्रवेशाआधी वाचा. शहरात राहायला गेल्यावर वाचल्या तर भाडेकरार किंवा हॉस्टेलच्या पावतीसारखा एखादा कागद नेमका निसटलेला असतो.

महाडीबीटीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात आणि इथे एक बारीक फरक आहे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलं गेलं असं नाही. बँकेत जाऊन विचारा: ‘हे खातं एनपीसीआयला आधार-सीडेड आहे का?’, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे याच खात्यात जमा होतील का. एका आधारवर एका वेळी एकच खातं असं जोडलेलं असतं. शाळेत असताना गणवेशाच्या नाहीतर शिष्यवृत्तीच्या पैशांसाठी उघडलेलं झिरो बॅलन्स खातं तिथे जोडलेलं असू शकतं. ते चालू आहे का हेही विचारा. बंद पडलेलं असेल तर पैसे मंजूर होतात, निघतात आणि जमा होत नाहीत. हे आधीच तपासायला बँकेत अर्धा तास पुरतो.

खातं आणि महिन्याचे पैसे

मुलाचं खातं अज्ञान म्हणून उघडलेलं असेल तर १८ पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी आणि सही द्यावी लागते, नाहीतर व्यवहार थांबवले जातात. वाढदिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरात असेल तर हे ऐन सेमिस्टर परीक्षेच्या तोंडावर येतं. बँकेची शाखा गावातच असेल तर दिवाळीच्या सुट्टीत हे काम उरकायचं म्हणून आत्ताच लिहून ठेवा.

जमल्यास दोन खाती ठेवा. फी आणि शिष्यवृत्तीच्या खात्याला यूपीआय जोडायचंच नाही. रोजच्या खर्चाच्या खात्यात तेवढेच पैसे टाकायचे आणि यूपीआय फक्त त्याला. फोन हरवला किंवा कुणी फसवलं तरी बुडतील ते त्या आठवड्याचे पैसे.

जून महिना सरावाला घ्या. रिचार्ज, पेट्रोल, कटिंग, बाहेरचं खाणं, मित्रांचे वाढदिवस, सगळं धरून एक रक्कम १ तारखेला द्या आणि महिनाभर वर एक रुपयाही देऊ नका. १८-२० तारखेला पैसे संपतील. संपू द्या. कुठे गेले ते त्यालाच यूपीआयच्या यादीतून काढायला सांगा. हा धडा जूनमध्ये घरच्या जेवणावर मिळालेला बरा.

तिकडे गेल्यावर भाडं आणि मेसचे पैसे तुम्ही थेट भरा आणि हातखर्च पहिले दोन महिने आठवड्याने पाठवा, मग महिन्याने. पहिल्या महिन्याचा खर्च पुढच्या कुठल्याही महिन्यापेक्षा बराच जास्त असतो: डिपॉझिट, गादी, ड्रॉइंगचं साहित्य, एप्रन, पुस्तकं. तो ‘उधळपट्टी’ म्हणून मोजू नका. मार्कांशी हातखर्च बांधू नका, नाहीतर निकालाबद्दल खोटं बोलायला तुम्हीच कारण दिलेलं असेल.

एक गोष्ट मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा: आपलं खातं, एटीएम कार्ड किंवा सिम कुणालाही ‘काही दिवस वापरायला’ द्यायचं नाही, कमिशन मिळत असलं तरी. ऑनलाइन फसवणुकीचे पैसे फिरवायला विद्यार्थ्यांची खाती भाड्याने घेतली जातात आणि पोलीस येतात ते खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे. पैसे गेल्याचं लक्षात आलं तर त्याच क्षणी १९३० ला फोन करायचा, घरच्यांना सांगायची भीती वाटली तरी.

घरातली तालीम

एक शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ घर मुलावर सोडून तुम्ही बाहेर जा. दूध, पाणी, गॅसचा रेग्युलेटर, कचरा, कुलूप, कामाला येणाऱ्या मावशी, सगळं त्याच्याकडे. परत आल्यावर ओरडू नका, फक्त बघा काय राहिलं. जे राहिलं त्यातून पुढच्या महिन्यात काय शिकवायचं ते ठरतं.

स्वयंपाकात चार गोष्टी पुरतात: चहा, पोहे, अंड्याचा एखादा प्रकार आणि मूगडाळीची खिचडी. खिचडीचं प्रमाण: १ वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, ५ वाट्या पाणी, हळद, मीठ, तेलात जिरं-हिंगाची फोडणी, तीन शिट्ट्या. दोघांना पोटभर होते. लहान कुकरला हे जास्त होतं: डाळ-तांदूळ शिजवताना कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, नाहीतर शिट्टीतून फेस येतो आणि झडप तुंबते. शिट्टीच होत नसेल तर रबर एकतर सैल झालंय किंवा नीट बसलेलं नाही. वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हे तीनदा सांगा.

इंडक्शन देण्याआधी दोन गोष्टी विचारा. हॉस्टेलला चालतं का? बहुतेक हॉस्टेलमध्ये शेगडी, कॉइल आणि पाणी तापवायचा रॉड यांना बंदी असते आणि सापडलं तर दंड होतो. दुसरं, भिंतीवर १६ अँपिअरचा मोठा सॉकेट आहे का? २००० वॅटचं इंडक्शन सुमारे पावणेनऊ अँपिअर वीज ओढतं आणि १५०० वॅटची किटली साडेसहा. फोनच्या चार्जरचा साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्याला एक्स्टेन्शन बोर्ड लावून इंडक्शन चालवलं की आधी प्लास्टिकचा वास येतो, मग पिन वितळते. ‘आमच्या रूममध्ये सगळे असंच करतात’ हे उत्तर ऐकू येणारच आहे, म्हणून अँपिअरचा हिशोब आधीच समजावून द्या.

कपडे: आतले कपडे आणि मोजे रोज अंघोळीच्या वेळीच धुवायचे, ढीग करायचा नाही. बाकीचे आठवड्यातून दोनदा, पाऊण बादली पाण्यात एक मोठा चमचा पावडर, अर्धा तास भिजत, कॉलर आणि बाह्यांच्या कडा हाताने घासायच्या. पावडर जास्त टाकली की कपडा चिकट राहतो आणि पाणी दुप्पट लागतं. वर्ग पावसाळ्यात सुरू होतात, तेव्हा खरी अडचण वाळवण्याची असते. जाड टर्किश टॉवेल दोन दिवस ओला राहून वास मारतो. त्याऐवजी दोन सोलापुरी पंचे द्या, रात्रीत वाळतात. जीन्स दोनच पुरे, आतले कपडे मात्र दहा जोड.

हॉस्टेल, कॉट बेसिस की फ्लॅट?

पहिलं वर्ष कॉलेजचं हॉस्टेल मिळत असेल तर तेच घ्या. खोली लहान असेल, जेवण बेचव असेल, तरी वर्गातल्या मुलांशी ओळख, सबमिशनच्या तारखा आणि आजारपणात दार वाजवणारं कुणीतरी तिथे आपोआप मिळतं. गावाकडच्या चार मित्रांनी मिळून फ्लॅट घेण्याची कल्पना घरच्यांना सुरक्षित वाटते, पण पहिल्या वर्षी ती सगळ्यात जास्त फसते. एकाची सीट पुढच्या राउंडला बदलते, दुसऱ्याचं पटत नाही, आणि उरलेल्या दोघांवर चौघांचं भाडं आणि लाइट बिल पडतं.

हॉस्टेल मिळालं नाही तर पुण्यासारख्या शहरात कॉट बेसिस हा पर्याय असतो: एका खोलीत दोन-तीन कॉट, प्रत्येकाचं भाडं वेगळं. जागा दिवसा एकदा आणि संध्याकाळी सातनंतर एकदा अशी दोनदा बघा. मुलाला बोलू द्या, तुम्ही मागे राहा. बघायच्या गोष्टी अशा: नळ प्रत्यक्ष उघडून पाणी येतंय का आणि किती वाजेपर्यंत, मुलाच्या सिमला खोलीच्या आत रेंज आहे का, भिंतीला ओल आहे का, संडास-बाथरूम किती जणांत एक, रात्री गेट किती वाजता बंद होतं आणि उशीर झाला तर काय. कॉटच्या सांध्यांत आणि गादीच्या शिवणीत मोबाइलचा टॉर्च मारून बघा. मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. अशी जागा भाडं कमी असलं तरी घेऊ नका, कारण ढेकूण पुढे बॅगेतून तुमच्या घरीही येतात. कॉलेज चालत २०-२५ मिनिटांच्या पलीकडे असेल तर बसचं किंवा रिक्षाचं महिन्याचं भाडं मिळवून मगच ‘स्वस्त’ म्हणा.

मग पैशांचं बोला. डिपॉझिट किती, परत कधी, त्यातून रंगकामाचे पैसे कापणार का, जागा सोडायची असेल तर किती दिवस आधी सांगायचं, किमान किती महिने राहायची अट आहे, लाइट बिल भाड्यात की मीटरप्रमाणे? डिपॉझिट बँकेतून द्या, रोख देऊ नका. राहायला गेल्या दिवशी मीटरचं रीडिंग, भिंती, कपाट आणि बाथरूमचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. जागा सोडताना वाद होतात ते नेमके यांवरूनच. फ्लॅट घेत असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. मूल १८ चं नसेल तर करारावर सही पालकाची. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे दिल्याची पोचही मागून घ्या.

मेस ठरवताना महिन्याचे पैसे भरण्याआधी एक दिवस पैसे देऊन दोन्ही वेळचं जेवून बघा, शक्यतो रविवार सोडून. रविवारी दुपारी फीस्ट असते, तिच्यावरून मेसची पारख होत नाही, आणि रविवारी रात्री बहुतेक मेस बंदच असतात, म्हणजे आठवड्यातून एक रात्र मुलाची सोय मुलालाच करायची आहे. खाड्याचा नियम विचारा: किती दिवस आधी सांगितलं तर खाडा धरतात, आणि सलग किती दिवसांचा? ‘तीन दिवसांच्या आतला खाडा धरणार नाही’ असं असेल तर शनिवार-रविवार घरी येण्याचे पैसे वाचत नाहीत.

औषधांचा डबा

निघण्याआधी दात आणि डोळे तपासून घ्या. चष्मा असेल तर दुसरा जोड आणि नंबरचा कागद बरोबर द्या. सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस राहिली असेल तर ती द्या. टायफॉइड आणि हेपेटायटिस ए च्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा, कारण बाहेरचं पाणी आणि जेवण आता रोजचं आहे.

डब्यात फार काही नको: पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, बँडेज, अँटिसेप्टिक मलम, ॲसिडिटीची गोळी आणि डॉक्टरांनी त्याला नेहमी दिलेली औषधं. प्रत्येक पट्टीवर मराठीत चिठ्ठी चिकटवा: कशासाठी, किती, किती तासांनी. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत सहा तास आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळायचं, अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकून चालत नाही, आणि ते पाणी २४ तासांत संपवायचं. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या डब्यात देऊच नका.

पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचे दिवस असतात. तापात अंग फार दुखतंय म्हणून रूममेटने दिलेली ब्रुफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन घ्यायची नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टर आणि रक्ततपासणी. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा गुंगी यांतलं काही झालं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. डेंग्यूत ताप उतरताना बरं वाटतंय असं समजून मुलं झोपून राहतात, तोच काळ धोक्याचा असतो.

आरोग्य विम्याचं ई-कार्ड मुलाच्या फोनमध्ये असावं आणि कॉलेजजवळचं कुठलं हॉस्पिटल त्या विम्यात कॅशलेस आहे हे तुम्ही आधी बघून ठेवा. रुग्णवाहिकेला १०८, इतर कुठल्याही संकटात ११२. हॉस्टेलच्या अर्जावर लोकल गार्डियन म्हणून ज्या मामा-मावशीचं नाव घालणार त्यांना आधी विचारा, आणि याचा अर्थ रात्री दोनलाही फोन येऊ शकतो हेही सांगा.

रॅगिंग

प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक या दोघांनाही रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरावं लागतं, दरवर्षी. ते सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेऊ नका, दोघांनी बसून वाचा. महाराष्ट्रात १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड आहे. यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही चोवीस तास चालू असते. मुलाला हे सांगा की नाव-गाव विचारणं इथपर्यंत ठीक, पण रात्री खोलीत बोलावणं, कपडे, पैसे, दारू किंवा मारहाण यांतलं काहीही रॅगिंगच आहे आणि ‘सगळ्यांचंच होतं’ म्हणून सोसायचं नाही. तुम्ही ‘तू दुर्लक्ष कर’ म्हणालात तर तो पुढचं सांगणार नाही.

गाडी

मागणी होईलच. ॲक्टिवासारखी स्कूटर चालवायलाही १८ पूर्ण लागतात. १६ व्या वर्षीचं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं असतं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. पहिलं सेमिस्टर गाडी नकोच. घरी येण्याजाण्यासाठी कॉलेजच्या ऑफिसातून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म मिळतो, स्लीपर आणि सेकंड क्लासला साधारण ५० टक्के सूट असते. एसटीत मुलींना महिला सन्मान योजनेत तिकीट निम्मंच आहे.

सोडायला जाताना

सामानाची यादी मुलाने करावी, तुम्ही ती फक्त वाचावी. गादी तिथेच घ्या, कॉट मोजून, कारण हॉस्टेलच्या कॉटची रुंदी घरच्या पलंगापेक्षा कमी असते. दोन चांगली कुलपं, चाव्यांचे दोन संच, चार-पाच मीटर नायलॉनची दोरी, चिमटे, डासांसाठी मच्छरदाणी, टॉर्च. फराळ द्या, पण खोलीत जितकी मुलं आहेत त्यांना पुरेल इतका. ओळखी त्याच्यावरच होतात.

अख्खं कुटुंब नको, दोघंजण पुरे. सकाळी पोचा, फीची पावती आणि खोलीचा ताबा घ्या, वॉर्डनला भेटा, नंबर घ्या. कपाट लावणं आणि गादी घालणं मुलाला करू द्या. दुपारचं जेवण झालं की निघा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर खोलीतली बाकीची मुलं एकत्र जेवायला जातात आणि तुमचं मूल तुमच्याबरोबर हॉटेलात जातं.

फोनची वेळ ठरवा, रात्री जेवणानंतर दहा मिनिटं. दिवसातून पाच वेळा ‘जेवलास का’ विचारू नका. फोन उचलला नाही तर किती वेळाने आणि कुणाला फोन करायचा हेही आधीच ठरवा, म्हणजे लेक्चरमध्ये सायलेंट ठेवलेल्या फोनवरून घरात रडारड होणार नाही.

पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत ‘मला इथे नाही राहायचं’ असा फोन बहुतेक घरांत येतो. तेव्हा गाडी काढू नका आणि व्याख्यानही देऊ नका. झोप लागते का, कुणाबरोबर जेवलास, उद्या पहिलं लेक्चर कितीला, असं नेमकं विचारा. पहिले तीन-चार आठवडे शनिवार-रविवार घरी बोलवू नका, नाहीतर सोमवारी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पण झोप आणि जेवण दोन्ही तुटलंय, दोन आठवडे वर्गात गेलेला नाही, कुणाशीच बोलत नाही किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर त्याच दिवशी निघा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. तो तुमच्याकडेही असू द्या.

मार्कांच्या आधी हजेरी विचारा. ७५ टक्के हजेरी आणि वेळेवर सबमिशन नसेल तर टर्म ग्रँट होत नाही, म्हणजे परीक्षेला बसता येत नाही, मग हुशारीचा उपयोग नसतो. आणि बारावीला नव्वदीत असलेल्या मुलाची पहिल्या सेमिस्टरला गणितात केटी लागू शकते, म्हणजे विषय राहू शकतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी लेक्चरची गतीच पहिले दोन महिने पकडता येत नाही. एक केटी पुढच्या परीक्षेत सुटते. नातेवाइकांत तिची चर्चा मात्र करू नका, मुलापर्यंत ती पोचतेच.

दिवाळीला घरी आल्यावर

एक बॅगभर न धुतलेले कपडे येतील. मशीन दाखवा, कपडे त्याने लावावेत. त्या आठवड्यात उरकायची कामं ठरलेली आहेत: औषधांचा डबा पुन्हा भरणं, १८ पूर्ण झाले असतील तर बँकेची केवायसी आणि नवी सही, सिम नावावर करणं, मतदार नोंदणी, लर्निंग लायसन्स, आणि महाडीबीटीवरचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकलाय की पुढे गेलाय हे बघणं. कॉलेजच्या लॉगिनला अडकलेला असेल तर सुट्टी संपताच मुलाने स्वतः स्कॉलरशिप विभागात जाऊन विचारायचं. नुसती वाट बघून तो पुढे सरकत नाही.

आणि हॉस्टेलच्या नियमांत एक गोष्ट वाचून ठेवा: उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का? लागत असेल तर गादी, बादली आणि पुस्तकं दोन महिने कुठे ठेवायची आणि पुढच्या वर्षीच्या खोलीचा अर्ज कधी निघतो हे फेब्रुवारीतच विचारायला सांगा. परीक्षा संपल्यावर कॉलेजच्या आसपासच्या जागांची भाडीही वाढलेली असतात आणि बऱ्या कॉट गेलेल्या असतात.